केंद्रशासित म्हणजे नक्की कोणाचं?

"निकाल लागेपर्यंत बेळगाव केंद्रशासित करा" ही मागणी अधूनमधून वर येते. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी ती केली, आणि विरोधी बाकांवर गेल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा केली. आपल्या मंडळींना ती लगेच पटते. ना तुमचं, ना आमचं, तोवर दिल्लीकडे ठेवा... भांडणाऱ्या दोन भावांचं शेत तलाठ्याच्या ताब्यात द्यावं तसं. ऐकायला अगदी सरळ वाटतं.

पण मला ते ऐकताना दर वेळी १९५६ आठवतं (म्हणजे वाचलेलं, जन्म त्यानंतर चाळीसेक वर्षांनी!). याच महाराष्ट्रात 'केंद्रशासित' हा शब्द रेडिओवर ऐकून माणसं रस्त्यावर आली होती आणि त्यातली कित्येक घरी परत गेली नाहीत. तेव्हा ज्या गोष्टीसाठी जीव दिले, त्याच्या बरोब्बर उलट गोष्ट आज आपण मागतो आहोत का? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून गेले दोन शनिवार-रविवार यातच घातले.

सुरुवात आमच्या आटपाडीपासून करतो. गावाचं कौतुक म्हणून नाही (थोडं तेही आहेच), पण राज्यकारभार कुठून चालतो यानं काय फरक पडतो हे या एका गावावरून चांगलं कळतं.

आटपाडी पूर्वी औंध संस्थानात. संस्थान म्हणजे काही सलग मुलूख नव्हे. औंध, कुंडल, आटपाडी आणि गुणदाळ असे चार तुकडे, आणि मधेमधे इंग्रजांचा खालसा मुलूख. औंध आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात, आणि गुणदाळ? ते विजापूर जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात. एकाच राजाची प्रजा, आज दोन राज्यांत. सीमाप्रश्नाचं हे इवलंसं मॉडेल मला फार बोलकं वाटतं.

या संस्थानाने १९३९ च्या जानेवारीत एक जगावेगळी गोष्ट केली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलिश इंजिनिअर यांनी महात्मा गांधींचा सल्ला घेऊन नवी राज्यघटना तयार केली आणि राजाने आपले अधिकार लोकांना देऊन टाकले. खाली गावची पंचायत, तिच्यावर तालुक्याची सभा, तिच्यावर विधिमंडळ. सत्तेचा पाया गावात. (फ्रीडमन बंगळुरूत विजेच्या सामानाच्या कारखान्यात होता. बंगळुरूची नोकरी सोडून औंधला येणारा इंजिनिअर आज शोधून सापडायचा नाही.) आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, म्हणजे भिंती नसलेला तुरुंग, हा त्याच काळातला प्रयोग. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा शांतारामबापूंचा सिनेमा त्यावरूनच सुचलेला, आणि कथा लिहिणारे गदिमा आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचे.

८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. थोडक्यात, गावाचा कारभार गावात होता तो पुढं आधी मुंबईला गेला. मुंबईला गेला हे एकवेळ चालण्यासारखं होतं, कारण आमच्या माणदेशातली निम्मी घरं मुंबईवरच जगायची. पाऊस नाही, विहिरी आटलेल्या. गिरणीत बदली कामगार म्हणून लागायचं आणि गावाकडे मनीऑर्डर धाडायची. साताऱ्याची, कोकणाची, कोल्हापूरकडची माणसं गिरणगावात एकेका खोलीत दहा-बाराजण राहायची. मुंबई हे त्यांच्या दृष्टीने दूरचं शहर नव्हतं, गावाचाच लांबवर पडलेला एक तुकडा होता. औंध संस्थानासारखाच!

आता १९५५ कडे येऊ. फाझल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला. तेलुगू, कन्नड, मल्याळी भाषकांना आपापली राज्यं, आणि मराठी-गुजराती लोकांना मात्र एकत्र द्वैभाषिक. विदर्भ वेगळा. त्यावर ओरड झाल्यावर काँग्रेसने तीन राज्यांची योजना काढली : महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर स्वतंत्र. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली. आणि १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी आकाशवाणीवरून सांगितलं, मुंबई केंद्राच्या कारभाराखाली राहील.

पुढच्या आठवड्यात मुंबईत काय झालं ते सगळ्यांनी शाळेत एका परिच्छेदात वाचलेलं असतं. हुतात्म्यांचा आकडा कुणी १०५ सांगतं, कुणी १०६, कुणी १०७. त्यातले बरेचसे त्या एका आठवड्यातले.

मला इथे थांबून एक विचारायचं होतं. लोक नेमके कशावर चिडले? "मुंबई महाराष्ट्राला मिळाली नाही" हे आहेच. पण वेगळं 'मुंबई राज्य' आणि 'केंद्रशासित मुंबई' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण बोलताना त्यांची गल्लत करतो. पुरुषोत्तमदास ठाकुरदास, जे. आर. डी. टाटा वगैरे बड्या मंडळींची समिती मुंबई वेगळी ठेवा म्हणत होती. ते त्यांच्या हिशोबाने समजतं. पण १९५५ मध्ये डॉ. आंबेडकरांनीसुद्धा भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तकात महाराष्ट्राचे चार भाग सुचवताना मुंबईचं एक नगर-राज्य सुचवलं होतं. त्याला नावही 'महाराष्ट्र नगर राज्य' दिलं होतं. पटो वा न पटो, ते राज्य होतं. त्याला स्वतःचं विधिमंडळ असणार, सरकार असणार.

केंद्रशासित म्हणजे यातलं काहीच नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने 'अ', 'ब', 'क', 'ड' असे राज्यांचे जुने प्रकार रद्द केले आणि दोनच उरले, राज्य आणि केंद्रशासित प्रदेश. सुरुवातीला दिल्ली, हिमाचल प्रदेश, मणिपूर, त्रिपुरा, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप (तेव्हाचं नाव लांबलचक होतं) असे सहा. तिथे राष्ट्रपतींच्या नावाने प्रशासक कारभार बघणार, आणि एरवी जे विषय राज्यांचे असतात त्यांवरही संसद कायदा करणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिल्लीला १९५२ पासून निवडून आलेली विधानसभा होती, मुख्यमंत्री होता. १ नोव्हेंबर १९५६ ला ती विधानसभाच गेली. कुणी गडबड केली म्हणून नाही, खाकाच बदलला म्हणून. केंद्रशासित प्रदेशांना विधानसभा देता येईल अशी सोय व्हायला १९६३ उजाडलं.

आता त्या जागी मुंबई ठेवून बघा. देशातलं सगळ्यात मोठं औद्योगिक शहर, लाखो गिरणी कामगार, आणि त्यांनी मत द्यायचं ते लोकसभेला नि महानगरपालिकेला. संपाच्या वेळी पोलीस कुणाचे? दिल्लीचे. कामगार कायदा कोण बदलणार? दिल्ली. आणि दिल्लीला पाडायला मुंबईचे मूठभर खासदार कुठे पुरणार? रस्त्यावर उतरलेल्या गिरणी कामगाराला घटनेची कलमं पाठ नसतील, पण आपण ज्याला मत देतो त्याचा आपल्या पोलिसावर अधिकार राहणार नाही, एवढं त्याला नक्की कळलेलं असणार.

हे सगळ्यात नेमकेपणाने कुणाला कळलं असेल तर चिंतामणराव देशमुखांना. केंद्रात अर्थमंत्री, एरवी अत्यंत मोजून-मापून बोलणारा माणूस. जानेवारीतच त्यांनी राजीनामा देऊ केला होता. मग जूनमध्ये मुंबईच्या काँग्रेस महासमितीच्या अधिवेशनात नेहरूंनी परत जाहीर केलं की मुंबई पाच वर्षं केंद्राकडे राहील आणि नंतर लोकांचं मत घेऊ. जुलैमध्ये देशमुख बाहेर पडले, आणि लोकसभेत निवेदन करताना त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं : इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट न ठरवता जाहीर झाला, आणि गोळीबाराची चौकशी नाकारली गेली. नेहरूंनी पहिला आरोप अमान्य केला. पण दुसऱ्याचं काय? मुंबईच्या रस्त्यावर माणसं मेली आणि चौकशी करा असं म्हणायला सुद्धा दिल्लीच्या मंत्रिमंडळात बसलेला एक मराठी माणूस लागला. मुंबई केंद्रशासित व्हायच्या आधीच तसा कारभार कसा असेल याचा हा नमुना.

बाकी आमच्या भागातली परिस्थिती गंमतीशीर होती. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याचे. १९५५ च्या अखेरीस फलटणला त्यांनी स्पष्ट सांगितलं की नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करायची वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूने. त्याबद्दल त्यांनी शिव्याही खाल्ल्या. आणि शेजारीच क्रांतिसिंह नाना पाटील, १९५७ मध्ये समितीकडून साताऱ्याचे खासदार. त्यांच्या प्रतिसरकारला बेचाळीसनंतर औंध संस्थानातल्या कुंडलचा मोठा आधार होता. हद्दीच्या रेषेचा उपयोग कसा करायचा हे त्या मंडळींना चांगलं ठाऊक होतं. इंग्रजी पोलीस आले की संस्थानात, मग परत बाहेर :)

ऑगस्ट १९५६ मध्ये लोकसभेत विधेयक चर्चेला असताना चक्रं फिरली. विधेयकात मुंबई केंद्रशासितच होती. खासदारांनी सुचवलं की गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा, विदर्भ सगळं घालून एकच मोठं द्वैभाषिक मुंबई राज्य करा, आणि ते मान्य झालं. अहमदाबादेत त्यावरून आगडोंब, तिथेही गोळीबार. १ नोव्हेंबरला द्वैभाषिक आलं, यशवंतराव मुख्यमंत्री झाले. द्वैभाषिकाला आपण एरवी महाराष्ट्राच्या वाटेतला अडथळा म्हणून शिकतो. माझ्या मते त्याने एक मोठं काम केलं. त्याने केंद्रशासित मुंबईचा पर्याय कायमचा मारून टाकला. विधानसभा राहिली, १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली आणि त्या मतांच्या जोरावर १ मे १९६० आला. मुंबई 'पाच वर्षांसाठी' केंद्राकडे गेली असती तर ही मतपेटी कुठून आणली असती?

आणि त्याच १ नोव्हेंबर १९५६ ला विजापूर जिल्ह्याबरोबर आमचं गुणदाळ म्हैसूर राज्यात गेलं. बेळगावही.

इथे कुणी म्हणेल, गोव्याचं काय? तिथे तर केंद्रशासित राहिल्याने फायदाच झाला. बरोबर आहे, आणि हा मुद्दा टाळण्यासारखा नाही. त्याआधी दादरा-नगर हवेलीचं दोन ओळींत सांगतो, कारण ती गोष्ट मराठी माणसांनी घडवलेली आहे. १९५४ मध्ये सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजाभाऊ वाकणकर वगैरे मंडळींनी जाऊन तो भाग पोर्तुगीजांकडून सोडवला. (पुढच्याच वर्षी बाबूजींनी गदिमांबरोबर गीतरामायण केलं. एका माणसाने किती करावं!) मग १९६१ पर्यंत तिथे वरिष्ठ पंचायत नावाचं लोकांचंच सरकार होतं. भारतात सामील व्हायच्या करारावर सही करायला 'पंतप्रधान' हवा म्हणून बदलानी या आयएएस अधिकाऱ्यांना एका दिवसापुरतं त्या पदावर बसवलं गेलं. आणि सामील झाल्यावर? केंद्रशासित, विधानसभा नाही. आजही नाही. २०२० मध्ये दमण-दीवशी जोडून टाकलं, एवढंच.

गोव्याचं तसं झालं नाही, कारण तिथे १९६३ च्या कायद्याने विधानसभा आली. डिसेंबर १९६३ च्या पहिल्याच निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जिंकला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर जनमत कौल घ्यायचं ठरलं. तारीख १६ जानेवारी १९६७. नेहरूंच्या त्या रेडिओ घोषणेला बरोब्बर अकरा वर्षं! योगायोगच असणार, पण मराठी माणसाला टोचावा असा. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित. दोन पानांना १,७२,१९१ मतं आणि फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. विलीनीकरणाच्या विरोधातला मोठा प्रचार 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकातून झाला हे वाचून तर मी दोन मिनिटं हसत होतो. आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांत विधानसभा निवडणुकीत बांदोडकरच पुन्हा जिंकले. गोवेकरांना बांदोडकर हवे होते, मुंबईचं मंत्रालय नको होतं. इतकं स्वच्छ मत क्वचित वाचायला मिळतं.

पण कौलाच्या कागदावर तिसरा पर्याय नव्हता हे विसरून चालणार नाही. 'स्वतंत्र राज्य' असा पर्याय ठेवलाच नव्हता. लोकांनी केंद्रशासित निवडलं ते 'महाराष्ट्र नको' म्हणायला दुसरं चिन्ह नव्हतं म्हणून. राज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडला, म्हणजे कौलानंतर वीस वर्षं. गोव्याला केंद्रशासित असण्याचा फायदा झाला तो विधानसभा हातात होती म्हणून, आणि आधी लोकांना विचारलं म्हणून.

तर आता बेळगाव. महाराष्ट्राच्या मागणीवरून १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये आयोगाने बेळगाव कर्नाटकातच ठेवायला सांगितलं, निपाणी-खानापूरकडचा भाग महाराष्ट्राला, आणि उलट अक्कलकोट, जतकडची गावं कर्नाटकाला. महाराष्ट्राने तो फेटाळला. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. २०१२ मध्ये कर्नाटकाने बेळगावात सुवर्णसौध बांधून तिथे अधिवेशनं भरवायला सुरुवात केली, २०१४ मध्ये नाव बेळगावी केलं. २७ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांसाठी एकमताने ठराव केला. कर्नाटकाने मराठी पाट्यांपासून शाळांपर्यंत सीमाभागात जे केलं त्याचा राग मलाही आहे. म्हणूनच उपाय तपासून घ्यायला हवा.

'तात्पुरतं केंद्रशासित' म्हणजे काय होतं याचं जिवंत उदाहरण चंदीगड. १ नोव्हेंबर १९६६ ला पंजाब-हरियाणा वेगळे झाले, शहर दोघांनाही हवं, म्हणून केंद्राकडे. १९८५ च्या राजीव-लोंगोवाल करारात ठरलं की २६ जानेवारी १९८६ ला चंदीगड पंजाबला द्यायचं. ती तारीख आली आणि गेली. अजून शहर केंद्राकडेच आहे, विधानसभा नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शनवर टाकलेला 'तात्पुरता' पॅच. एकदा चालला की त्याला कुणी हात लावत नाही. दुसरं उदाहरण ताजं. ऑक्टोबर २०१९ मध्ये लडाख केंद्रशासित झाला तेव्हा लेहमध्ये आनंद होता, कारण श्रीनगरपासून सुटका. पण विधानसभा नाही. पुढच्या काही वर्षांत तेच लोक राज्याचा दर्जा आणि सहाव्या अनुसूचीचं संरक्षण मागत उपोषणाला बसले.

आणि एक उदाहरण आमच्या शेजारचं, जतचं. २०१२ मध्ये तिथल्या काही ग्रामपंचायतींनी पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जायचे ठराव केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी ते ठराव बाहेर काढून जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला. टीव्हीवर गदारोळ झाला. पण जतमध्ये काय झालं? विस्तारित म्हैसाळ योजनेच्या घोषणा लगोलग झाल्या. दहा वर्षं न हलणारी फाईल आठवड्यात हलली. आटपाडीच्या लोकांना हे नवीन नाही. नव्वदच्या दशकात नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषदा घ्यायला सुरुवात केली, तेरा दुष्काळी तालुके एकत्र आणले, वर्षानुवर्षं सरकारच्या मानेवर बसून राहिले, तेव्हा कुठे टेंभूचं पाणी दिसलं. हे सगळं का जमलं? मुंबईत बसलेल्या मंत्र्याला सांगली जिल्ह्यातल्या आमदारांची गरज होती म्हणून. केंद्रशासित प्रदेशाच्या प्रशासकाला कुणाच्या आमदाराची गरज असते?

महाराष्ट्र एकीकरण समितीचा २०१८ मध्ये एकही आमदार निवडून आला नाही, २०२३ मध्येही नाही. बेळगावातली मराठी माणसं कर्नाटक विधानसभेला मत देतात, इतर पक्षांना देतात, त्यांना फोडायला-जोडायला पक्ष त्यांच्या दारात येतात. ही अपुरी का होईना, पण ताकद आहे. बेळगाव केंद्रशासित करायला संसदेला तिसऱ्या कलमाखाली साधं बहुमत पुरतं. कर्नाटक विधानसभेचं मत फक्त मागवायचं असतं, ते मानायचं बंधन नाही. म्हणजे अशक्य काहीच नाही. म्हणूनच ही मागणी पुन्हा पुढे येईल तेव्हा करणाऱ्याला विचारावंसं वाटतं, विधानसभेसह की विधानसभेशिवाय? किती वर्षं? आणि शेवटी कौल घेतलात तर कागदावर पर्याय किती ठेवणार, दोन की तीन?

महाराष्ट्राचा तो दावा दाखल झाला तेव्हा मी आटपाडीच्या शाळेत दुसरीत होतो.